पंखा बंद करा, मग स्टेथो लावा

बॉन्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) निघालेले नवे डॉक्टर आधी काही दिवस आमच्या ओपीडीत बसतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं हे उपजिल्हा रुग्णालय. मी इथे फिजिशियन आहे. या मुलामुलींची पुस्तकं माझ्यापेक्षा ताजी असतात आणि गळ्यातले स्टेथो माझ्यापेक्षा महाग. हृदय ऐकायला सांगितलं की स्टेथो थेट डाव्या स्तनाखाली जातो आणि अर्ध्या मिनिटात मान वर होते, "मॅडम, मर्मर आहे ना?" मर्मर म्हणजे ठोक्यांच्या मधली जादा फुंकर किंवा गडगड. मी म्हणते, आधी उठून पंखा बंद कर.

हे टिपण त्यांच्यासाठी. आमच्याकडे इको (हृदयाची सोनोग्राफी) रोज होत नाही. रुग्णाला जिल्ह्याला पाठवायचं म्हणजे एसटीचं भाडं, दोन माणसांची बुडालेली मजुरी आणि कोणाच्या तरी घरी मागे ठेवलेली पोरं. त्यामुळे कोणाला पाठवायचं, कोणाला निश्चिंत घरी सोडायचं हे पुष्कळदा तुमच्या कानांवर ठरतं. झडपेचं नाव अचूक सांगणं परीक्षेत लागतं. ओपीडीत एवढंच कळायला हवं की हे हृदय नेहमीसारखं वाजतंय का, आणि वाजत नसेल तर घाई किती आहे.

खोली, नळी आणि पदर

हृदयाचे महत्त्वाचे काही आवाज इतके खालच्या पट्टीतले असतात की ते कानाला जेमतेम पोचतात. पंख्याची घरघर नेमकी त्यांनाच खाते. पंखा बंद, दार लोटलेलं, रुग्णासोबतच्या मंडळींना दोन मिनिटं गप्प राहायची विनंती. जुलैत पत्र्यावर सर कोसळत असेल तर थांबा. तेवढ्या वेळात हिस्टरी घ्या.

स्टेथोच्या कानातल्या गोळ्या नाकाच्या दिशेला, म्हणजे पुढे वळलेल्या हव्यात. उलट्या घातल्या तर त्या कानाच्या भिंतीवर टेकतात आणि निम्मा आवाज तिथेच अडतो. दुहेरी तोंडाचा स्टेथो असेल तर डायफ्रॅमवर बोटाने हलकी टिचकी मारून कोणती बाजू चालू आहे ते बघून घ्या. डायफ्रॅम, म्हणजे चपटी पडदा लावलेली बाजू, उंच पट्टीच्या आवाजांसाठी. ती दाबून धरायची. बेल, म्हणजे छोटी वाटीसारखी बाजू, खालच्या पट्टीसाठी. ती कातडीवर नुसती टेकवायची, कडेने हवा शिरणार नाही इतपतच. बेल दाबली की खालची कातडी ताणली जाते, तीच डायफ्रॅम होते आणि तुम्ही ज्यासाठी बेल लावली तो आवाज नाहीसा होतो. एकाच बाजूने दोन्ही कामं करणारे नवे स्टेथो आहेत. त्यांतही नियम तोच, हलका हात म्हणजे बेल, दाबलेला हात म्हणजे डायफ्रॅम.

कपड्यावरून ऐकू नका. ब्लाउजच्या अस्तराची, स्वेटरची, बनियनची खरखर मर्मरसारखी ऐकू येते आणि खरा मर्मर झाकून टाकते. पण बाई रुग्ण असेल तर कपडे सैल करण्याची तयारी तुम्ही करायची असते, तिने नव्हे. पडदा ओढा, सिस्टरना किंवा घरातल्या बाईला जवळ उभं करा, काय करणार ते आधी सांगा. "मावशी, हृदयाचे ठोके ऐकायचेत, पदर राहू द्या अंगावर, मी खालून स्टेथो सरकवते." मी बाई असूनही हे प्रत्येक वेळी बोलते, पुरुष डॉक्टरांनी तर विसरूच नये. स्टेथोचा जन्मच मुळी या संकोचातून झाला. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांच्यासमोर हृदयाच्या तक्रारीची एक तरुणी होती. छातीला कान लावून ऐकण्याची तेव्हाची रीत त्यांना तिच्याबाबतीत प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं कानाला लावलं. थेट कान लावून ऐकू येई त्याहून ठोके स्पष्ट आले. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली.

आणखी एक स्थानिक बाब. मंगळसूत्राचे मणी छातीच्या मधल्या हाडावर घासतात तेव्हा हृदयावरणाच्या सुजेतली करकर आहे असं वाटू शकतं. काढायला सांगू नका, कोणी काढणारही नाही. खांद्यावरून पाठीमागे टाकायला सांगा. पुरुषांच्या छातीवर केस असतील तर डायफ्रॅम जरा जोरात दाबा, नाहीतर थोडं पाणी लावा. थंडीत स्टेथोचं तोंड आधी तळहातात गरम करा.

कानाआधी डोळे आणि हात

रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहा. पलंगाचं डोकं पंचेचाळीस अंशांपर्यंत उचललेलं असावं; तसा पलंग नसेल तर पाठीमागे उशा, त्याही नसतील तर नातेवाईकाचा आधार.

आता छातीकडे बघा. डाव्या स्तनाखाली वळसा घेत गेलेला जुना व्रण दिसला तर समजा, या आजींची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) कोणे एके काळी बोटाने किंवा डायलेटरने उघडलेली आहे. बलूनने झडप उघडण्याची पद्धत येण्याआधी आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया सर्रास व्हायची. आजींना ऑपरेशनचं नाव आठवत नाही, "हार्टचं केलं होतं" एवढंच सांगतात. व्रण बाकीचं सांगतो. छातीच्या मधोमध उभा व्रण असेल तर बायपास किंवा झडप बदललेली.

मग तळहात ठेवा. एपेक्सचा, म्हणजे हृदयाच्या टोकाचा ठोका साधारणपणे बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत, कॉलर बोनच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेच्या थोडा आत लागतो. तो खाली आणि बाहेर सरकला असेल तर हृदय वाढलं आहे. हाताला मांजराच्या घुरघुरण्यागत थरथर लागली तर तिला थ्रिल म्हणतात. थ्रिल लागली की मर्मर सहापैकी किमान चौथ्या ग्रेडचा, तो ऐकण्याआधीच ठरलं. ठोका कुठेच लागत नसेल तर उजवीकडे हात लावायला विसरू नका. उजव्या बाजूला हृदय असलेली माणसं पाठ्यपुस्तकाबाहेरही असतात.

फटी मोजायची खूण पक्की करा. गळ्याच्या खळगीतून बोट मधल्या हाडावरून खाली सरकवा. साधारण पाच सेंटीमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना दुसरी बरगडी जोडलेली असते आणि तिच्या खालची फट दुसरी. चार झडपा, प्रत्येकीची ऐकायची एक जागा: उजवीकडची दुसरी फट एऑर्टिक जागा, डावीकडची दुसरी पल्मनरी. मधल्या हाडाच्या डाव्या कडेला खाली, चौथ्या-पाचव्या फटीशी ट्रायकस्पिड, आणि एपेक्सला मायट्रल. या जागांच्या बरोबर खाली त्या झडपा नसतात. रक्ताच्या वाहण्याबरोबर त्यांचा आवाज जिथे येऊन पोचतो त्या या जागा. म्हणून चार ठिपक्यांवर चार उड्या मारू नका. एपेक्सपासून सुरू करून स्टेथो इंचाइंचाने वर नेत जा. आवाज कुठे वाढतो, कुठे विरतो, हे सरकतानाच कळतं.

पहिला कोणता, दुसरा कोणता

सगळं इथे ठरतं आणि इथेच सगळे घाई करतात.

लब-डबमधला लब म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा पहिला आवाज. डब म्हणजे हृदयातून बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या एऑर्टिक आणि पल्मनरी झडपा मिटल्याचा दुसरा. नाडी सावकाश असेल तर दोहोंतली फट लहान आणि डबनंतरची मोठी, त्यामुळे ओळखणं सोपं. पण ठोके शंभराच्या वर गेले की दोन्ही फटी सारख्याच होतात, आणि ताप, रक्तक्षय, गरोदरपण किंवा नुसती डॉक्टरची भीती, आपले निम्मे रुग्ण असेच येतात. तेव्हा डाव्या हाताची बोटं रुग्णाच्या मानेतल्या कॅरॉटिडवर ठेवा, एका वेळी एकाच बाजूला, हलकेच. बोटाला ठोका लागताना जो आवाज येतो तो पहिला. मनगटाची नाडी इथे चालत नाही, ती उशिरा पोचते.

हे बोट शेवटपर्यंत मानेवरच राहू द्या. जो जो जादा आवाज येईल त्याला विचारायचं, तू बोटाच्या ठोक्याबरोबर आहेस की त्यानंतरच्या शांततेत? सिस्टोलमधला, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा (लब ते डब) मर्मर निरुपद्रवी असू शकतो. डायस्टोलमधला, म्हणजे हृदय भरतानाचा (डब ते पुढचा लब) मर्मर कोणत्याही वयात, गरोदरपणातसुद्धा, आजारच समजायचा आणि इको करायचाच.

आता एका वेळी एकच गोष्ट ऐका. मी पोरांना अक्षरशः सांगते की आधी काही ठोके फक्त पहिला आवाज ऐक, दुसरा जणू नाहीच. तो मोठा आहे? मायट्रल स्टेनोसिसमध्ये, म्हणजे ती झडप अरुंद झाल्यावर, टण्णकन येतो. मवाळ आहे? मायट्रल गळत असेल, किंवा ईसीजीतलं पीआर हे अंतर लांबलं असेल. प्रत्येक ठोक्याला कमीजास्त होतोय? मग ताल बेशिस्त असण्याची शंका घ्या आणि पूर्ण मिनिटभर मोजा: एकाने एपेक्सवर, दुसऱ्याने मनगटावर. एट्रियल फिब्रिलेशन या बेशिस्त तालाच्या आजारात मनगटावरचा आकडा कमी भरतो, कारण काही ठोके तिथवर पोचतच नाहीत.

मग फक्त दुसरा. डावीकडच्या दुसऱ्या फटीत, रुग्ण बसलेला. श्वास आत घेताना तो दोन तुकड्यांत फुटतो आणि सोडताना पुन्हा एक होतो, हे नॉर्मल. इथे "खोल श्वास घ्या" म्हणू नका. आपली माणसं खोल श्वास घेतात आणि आज्ञाधारकपणे तसाच धरून ठेवतात, मग काहीच कळत नाही. "नेहमीसारखा श्वास चालू ठेवा" म्हणा. श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा तो तितकाच फुटलेला असेल तर एएसडी, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, असण्याची शक्यता मोठी. अशा बाया तिशी-चाळिशीपर्यंत अगदी व्यवस्थित असतात, दोन बाळंतपणं झालेली असतात, आणि एके दिवशी जिना चढताना दम लागला म्हणून येतात. दुसऱ्या आवाजाचा पल्मनरी तुकडा मोठा असेल, तळहाताला टकटक लागत असेल, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला आहे.

तिसरा आणि चौथा

बेल घ्या, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, एपेक्स बोटाने शोधा आणि त्यावर बेल टेकवा. डबनंतर लगेच एक बोजड ठोका, ल-डब-डा, ल-डब-डा, हा तिसरा. मुलांत, तरुणांत आणि गरोदर बाईत तो असू शकतो. पन्नाशीच्या दम लागणाऱ्या माणसात असेल तर हार्ट फेल्युअर समजून पुढचं बघा. लबच्या आधीचा, ता-लडब, ता-लडब, हा चौथा. जाड आणि ताठर झालेल्या डाव्या निलयाचा (खालच्या कप्प्याचा), पुष्कळ वर्षांच्या बीपीवाल्यांचा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये चौथा ऐकू येऊच शकत नाही, कारण तो काढणारं अलिंद (वरचा कप्पा) आकुंचनच पावत नसतं. ऐकू आला असं वाटलं तर बेल जरा दाबून बघा. खरा तिसरा-चौथा दाबल्यावर जातो.

मायट्रल स्टेनोसिस

पाठ्यपुस्तकात याला एक पान असतं. मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्या भागात चुकला तर हाच जिवावर बेततो आणि तो चुकणं फार सोपं असतं.

लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा दुखतो, पाठोपाठ रुमॅटिक फीवर, सांधे सुजतात, बरे होतात, घरचे विसरतात. झडप विसरत नाही. ती वर्षानुवर्षं आकसत जाते आणि बाई विशी-पंचविशीत गरोदर राहते. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ठोके वाढतात, डायस्टोलचा वेळ घटतो. अरुंद झडपेतून तेवढ्या वेळात तेवढं रक्त जाऊ शकत नाही आणि ते फुप्फुसात तुंबतं. घरात म्हणतात, पोटुशी आहे, दम लागायचाच. ऊसतोडीच्या टोळीतली असेल तर दम लागत असतानाही मोळी उचलत असते. रात्री आडवं झाल्यावर खोकला, उठून बसावं लागतं. असल्या बाईच्या पिशवीत मला पुष्कळदा दम्याचा पंप सापडतो.

ऐकायचं असं. डाव्या कुशीवर, बेल हलकी, नेमकी एपेक्सवर. श्वास सोडून थांबायला सांगा. बोट कॅरॉटिडवर. मोठा पहिला आवाज, मग दुसरा, त्याला लागून एक चटका (झडप उघडल्याचा ओपनिंग स्नॅप) आणि त्यापुढे खालच्या पट्टीतली गडगड. ही गडगड रुपयाएवढ्या जागेत असते. बेल दोन बोटं इकडेतिकडे झाली तर छाती साफ आहे असं वाटतं. ऐकू आली नाही आणि शंका मात्र आहे, अशा वेळी झेपत असेल तर रुग्णाला पायरीवर थोडी चढ-उतर करायला लावा आणि लगेच कुशीवर घ्या. बसता येत नाही इतका दम असलेल्या बाईला अर्थातच हे सांगायचं नाही. गडगड मिळाली नाही तरी मोठा पहिला आवाज, दम आणि रात्रीचा खोकला एवढ्यावर इको सांगा.

निदान झालेल्या रुग्णांना बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी चालू आहे का, हे प्रत्येक भेटीत विचारा. दुखतं म्हणून, हंगामात गाव सुटलं म्हणून ते बंद झालेलं असतं.

बाकीचे मर्मर

मायट्रल गळत असेल तर एपेक्सला पहिल्या आवाजापासून दुसऱ्यापर्यंत सलग फुंकर, पुष्कळदा डाव्या काखेकडे जाणारी. स्टेथो काखेत नेऊन बघा. ट्रायकस्पिडची गळती याच्यासारखीच, पण हाडाच्या डाव्या कडेला, आणि श्वास आत घेताना वाढते. उजव्या बाजूचं जवळजवळ सगळं श्वास घेताना वाढतं, हे एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

एऑर्टिक स्टेनोसिस सत्तरीच्या काकांचा. उजवीकडच्या दुसऱ्या फटीत खरखरीत, मध्ये चढून उतरणारा, मानेकडे जाणारा. कॅरॉटिडवर ठेवलेल्या बोटाला नाडी आळसावल्यासारखी सावकाश वर येताना लागते. मर्मर जितका उशिरा चढतो आणि दुसरा आवाज जितका मवाळ, तितकी झडप जास्त अरुंद. मोठेपणावर मात्र जाऊ नका. निलय थकला की रक्ताचा जोर कमी होतो आणि मर्मर बारीक होतो. चालताना डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, दम यांपैकी काही असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

एऑर्टिक गळतीचा आवाज मऊ आणि उंच पट्टीतला असतो, दुसऱ्या आवाजाला लागून सुरू होणारा. झोपवून तो बहुधा सापडत नाही. रुग्णाला बसवा, पुढे वाकवा, पूर्ण श्वास सोडून थांबायला सांगा, आणि डायफ्रॅम डावीकडच्या तिसऱ्या फटीत घट्ट दाबा. याच वेळी तुम्हीही श्वास रोखा. एक तर तुमच्याच श्वासाचा आवाज थांबतो, आणि दुसरं म्हणजे तुमचा जीव कासावीस झाला की रुग्णाचाही होत असणार हे कळतं. "आता घ्या श्वास" म्हणायला डॉक्टर विसरतात आणि बिचारे आजोबा निळे होईपर्यंत धरून बसतात.

पोलीस भरतीचा सराव करणारा पोरगा १६०० मीटर पळताना चक्कर येऊन पडला, सलाइन लावलं, बरा वाटला. त्याला तसाच सोडू नका. झोपवून ऐका, मग उभं करून ऐका. उभं राहिल्यावर बहुतेक मर्मर कमी होतात. हृदयाचा स्नायू जाडावून रक्ताची वाट अडवणाऱ्या आजारात तो वाढतो. पळणं त्या दिवशीच बंद, आणि ईसीजी, इको.

हृदयावरणाला सूज असेल तर नव्या कोल्हापुरी चपलेची करकर यावी तसा आवाज येतो, पुढे वाकवल्यावर जास्त, आणि सकाळी असतो तर संध्याकाळी नसतो. हृदयाभोवती पाणी साचलं तर करकर जाऊ शकते आणि ठोकेच दूर गेल्यासारखे वाटतात. मानेच्या शिरा फुगलेल्या आणि बीपी उतरतंय असं सोबत असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा. आपल्याकडे यामागे टीबी हे कारण मनात ठेवायचंच.

यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाची टिकटिक स्टेथोशिवाय, शेजारी बसल्यावर ऐकू येते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली झडप १९९० पासून वापरात आहे. ती किंवा दुसरी कोणती, कार्डावर लिहिलेलं असतं, ते मागून घ्या. "घरातले म्हणतात आजकाल टिकटिक ऐकू येत नाही" असं रुग्ण म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका. झडपेत गाठ अडकली असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी सुटली होती का ते विचारा आणि त्याच तासाला वर पाठवा.

मोठेपणाची नोंद सहापैकी करतात. सॅम्युएल लेव्हाइन यांच्या १९३३ च्या मोजपट्टीवरून ती आली: पहिली ग्रेड कान लावून बसल्यावर कळणारी, दुसरी बारीक पण लगेच कळणारी, तिसरी मोठी पण थ्रिल नसलेली, चौथीपासून थ्रिल, पाचवी स्टेथोची नुसती कड टेकवून, सहावी स्टेथो छातीपासून जरा उचलूनही. ही मोजपट्टी आवाजाची आहे, आजाराची नव्हे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं बारीक छिद्र दणकून वाजतं आणि मूल मजेत खेळत असतं.

पोरं आणि गरोदर बाया

मूल झोपलेलं असेल तर देवाची कृपा समजा आणि पहिल्यांदा हृदय ऐका. घसा, कान, वजनकाटा सगळं नंतर. आईच्या मांडीवरच ऐका. नवजात बाळाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० असतात, तेव्हा गोंधळू नका.

खालच्या पडद्यातल्या छिद्राचा मर्मर जन्मल्यावर बऱ्याचदा नसतो. फुप्फुसांतला दाब तेव्हा जास्त असतो, काही आठवड्यांत तो उतरला की छिद्रातून रक्त जोराने जातं आणि आवाज सुरू होतो. म्हणून प्रसूतीनंतर "हृदय नॉर्मल" लिहिलेल्या बाळाला दीड महिन्याच्या लशीला पुन्हा ऐका. सोबत विचारा: दूध पिताना मध्येच थांबून धापा टाकतं का, कपाळाला घाम येतो का, वजन अडलंय का. मांडीच्या सांध्यातली नाडीही चाचपा.

शाळकरी मुलांत निरुपद्रवी मर्मर भरपूर सापडतात. बारीक, आखूड, सिस्टोलमधला, दुसरा आवाज नीट फुटणारा, बसवल्यावर कमी होणारा, मूल धडधाकट. कॉलर बोनखाली सलग गूं ऐकू आलं तर मूल बसलेलं असतानाच मान वळवून बघा किंवा त्या बाजूच्या मानेतली शीर हलकी दाबा. थांबलं तर शिरेतला आवाज होता. कशानेही न थांबणारा, डाव्या कॉलर बोनखालचा सलग आवाज म्हणजे पीडीए (जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहिलेली) समजून पाठवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून चालू असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाड्या-शाळांत येतं, संशयित मुलांची यादी त्यांना द्या, पुढच्या तपासण्यांची आणि शस्त्रक्रियेची वाट तिथून निघते.

गरोदर बाईत आणि रक्त कमी असलेल्या बाईत डाव्या कडेला मऊ सिस्टॉलिक (सिस्टोलमधला) मर्मर पुष्कळदा येतो. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, हिमोग्लोबिन करा, आणि ते वाढल्यावर पुन्हा ऐका.

स्टेथो काय सांगत नाही

छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डावा हात जड झालाय, अशा माणसाची छाती ऐकून "ठोके साफ आहेत" म्हणू नका. हार्ट ॲटॅकमध्ये ठोके साफ असू शकतात. आधी ईसीजी. ॲटॅक आलेल्या रुग्णात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक नवा मर्मर आला आणि दम वाढला, तर मात्र स्टेथोने फार मोठी बातमी दिली: झडपेचा आधार किंवा मधला पडदा फाटला असेल. तसंच, मर्मर असलेल्या रुग्णाला बरेच दिवस ताप येत असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) घेण्याची सोय बघा, कारण झडपेवर जंतू बसले असतील तर एका सलाइनमधल्या इंजेक्शनने कल्चर निगेटिव्ह येतं आणि पुढच्याचे हात बांधले जातात.

चिठ्ठी

"आरएचडी? इकोसाठी पाठवत आहे" (आरएचडी म्हणजे रुमॅटिक हृदयरोग) एवढ्या चिठ्ठीने समोरच्याला काहीच कळत नाही. काय ऐकलं ते लिहा: सिस्टोलमधला की डायस्टोलमधला, कुठे सर्वांत मोठा, कुठे जातो, सहापैकी किती, कोणत्या स्थितीत वाढतो, पहिला-दुसरा आवाज कसा, नाडी नियमित की नाही, बीपी, दम किती कामाला लागतो. खात्री नसेल तर "एपेक्सला जादा आवाज, वेळ निश्चित नाही" असं सरळ लिहा.

रुग्णाला "तुमच्या हृदयात आवाज आहे" सांगून उठवू नका. घरी जाईपर्यंत त्याचं "हृदयाला भोक आहे" झालेलं असतं आणि पोरीचं लग्न असेल तर विचारायलाच नको. "झडपेतून रक्त जाताना आवाज येतोय, सोनोग्राफीसारख्या एका तपासणीत झडप दिसते, दुखत नाही, सुई नाही," इतकं पुरतं. कधी जायचं ते तारखेनिशी सांगा. मोबाईल नंबर रजिस्टरमध्ये लिहा, आणि रिपोर्ट घेऊन इथेच परत यायला सांगा. आले की रिपोर्ट वाचून फाइलला लावू नका. पंखा बंद करा, कुशीवर वळवा आणि इकोत दिसलेलं कानाला कुठे लागतं ते पुन्हा शोधा. त्यानंतर मगच पुढचा नंबर बोलवा.